मागचा आवाज

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामातले अनुभव लिहा, पण दिवाळी आहे, जरा बरं वाटेल असं लिहा." मी हो म्हटलं. नंतर टेबलाशी बसल्यावर लक्षात आलं, की बरं वाटेल असं माझ्याकडे जेमतेम दोन पानांपुरतं आहे. तेवढं आधी लिहून टाकते. पुढचं वाचताना चकली घशात अडकली तर मला बोल लावू नका.

मी शोधपत्रकार होते. पण लिहिणारी नव्हे, ऐकवणारी. सत्तेतली माणसं, त्यांचे घोटाळे, दूरदेशीच्या लढाया आणि त्यांची आपल्या दारापर्यंत आलेली झळ, हे सगळं माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचं, तपासायचं, जोडायचं आणि लोकांच्या कानात सोडायचं. आधी बरीच वर्षं रेडिओवर भातावरच्या करपा रोगाचे आणि बाळांच्या लसीकरणाचे कार्यक्रम केले. मग ठाण्यातल्या चार-पाच जणांच्या चमूबरोबर पॉडकास्ट करू लागले. राहायला कायम शहापुरात. शेजारच्या काकूंना हे काम मी एकदा अर्धा तास समजावून सांगितलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे टीव्हीवर दिसत नाहीस ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातावर भाजीची वाटी ठेवली. बहुतेक माझी दया आली असावी.

कॅमेरा नसण्याचा फायदा असा, की माणूस माईक विसरतो आणि मोकळा होतो. तोटा असा, की जे बोललं जात नाही ते ऐकणाऱ्याला कळत नाही. एका कचेरीतले साहेब हे पक्कं ओळखून होते. जमिनीच्या एका व्यवहाराबद्दल प्रश्न विचारला, की ते नुसती मान हलवायचे. होकाराला वरखाली, नकाराला आडवी आणि अडचणीच्या प्रश्नाला खांदे. रेकॉर्डरमध्ये फक्त पंख्याची घरघर. तिसऱ्या प्रश्नानंतर मी क्रिकेटचं समालोचन करतात तसं सुरू केलं. "साहेब मान हलवत आहेत. नकारार्थी. आता त्यांनी फायलीवर हात ठेवला आहे. आता ते शिपायाकडे बघत आहेत." शिपाई फिसकन हसला, साहेब चिडले आणि चिडल्यावर बोलले. त्या बोलण्यावर आमचे दोन भाग झाले.

दुसरे एक सरपंच. पाण्याच्या टाकीबद्दल विचारायला त्यांच्या घरी गेले, तर मी माईक काढला की आत मिक्सर सुरू. माईक पिशवीत गेला की मिक्सर बंद. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना म्हटलं, "किती चटणी वाटताय?" त्या म्हणाल्या, "रिकामाच फिरवतंय गो, यांनी सांगितलाय." हे वाक्य ध्वनिमुद्रित झालं होतं. चमूतल्या सगळ्यांना ते हवं होतं. मी ते वापरू दिलं नाही, कारण वहिनींना त्याच घरात राहायचं होतं. तेव्हा मला असलं भान होतं, हे इथे लिहून ठेवते. पुढे उपयोगी पडेल, निदान माझ्या बचावाला.

आणि मुरबाडचे एक गृहस्थ. प्रत्येक भागानंतर त्यांचा फोन यायचा. "मॅडम, तो नाव न घेतलेला पुढारी म्हणजे मीच ना?" ते कधीच नसायचे. सुरुवातीला मी नाही म्हणायची, तेव्हा त्यांचा आवाज इतका पडायचा की माझ्याच्याने ऐकवेना. पुढे पुढे मी "सांगता येत नाही" असं म्हणू लागले. त्या उत्तरावर त्यांनी मित्रमंडळींना पार्टी दिली, असं कानावर आलं.

बरं वाटेल असं होतं ते संपलं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुठलीच जागा गप्प नसते. तुम्ही आत्ता जिथे बसून हा अंक वाचताय तिथेही फ्रीज, पंखा, गल्लीतली रिक्षा, काहीतरी चाललेलं आहे. मुलाखतीतली वाक्यं कापून एकमेकांना जोडली, की मागचा हा आवाज तुटतो आणि सांधे ऐकू येतात. म्हणून बोलणं संपल्यावर त्याच जागी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं आणि त्या जागेचा नुसता आवाज घ्यायचा. आम्ही त्याला मागचा आवाज म्हणायचो. जोडकाम करताना तो खाली अंथरला, की बोलणं सलग वाटतं आणि ऐकणारा त्या घरात जाऊन बसतो. गावाकडे हे समजावून सांगताना पंचाईत व्हायची. "काय रेकॉर्ड करता?" "काही नाही." "काय नाय ते कशाला रेकॉर्ड करता, बाई?" मग म्हातारी माणसं हसू दाबायची, कुणीतरी हटकून शिंकायचं. दुःखाचं घर असलं तर त्या मिनिटात हमखास कुणीतरी रडायचं. बोलताना माणूस स्वतःला सावरून असतो. गप्प बसायला सांगितलं की फुटतो.

आता जानकीबाय. हे तिचं खरं नाव नाही. मुलाचंही नाव मी बदललं आहे. वाडी कुठली तेही सांगत नाही. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे लागतं, त्याच्या आसपास कुठेतरी, एवढंच. एकदा सांगून झालंय आणि त्याचं काय झालं तेच लिहायला बसले आहे.

जानकीबाय मुरबाडच्या बाजारात रानभाजी घेऊन बसायची आणि कामानिमित्त तिकडे जाणारी मी तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. नवरा गेलेला, एकच मुलगा, किसन. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात करटोल्यांचा वाटा माझ्या पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "ताई, तुमी ते कानाला लावून ऐकता ना? माझ्या फोनातला जरा ऐका. पोराचा हाय. मला सगळा समजत नाय."

किसन तेवीस वर्षांचा. कारखान्यातलं कंत्राटी काम सुटल्यावर बाजारपेठेतल्या एका एजंटाकडे गेला. काचेवर विमानाचं चित्र काढलेलं ते ऑफिस सगळ्यांना माहीत होतं. एजंट एका वजनदार पुढाऱ्याच्या घरातला, त्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे. सगळे त्याला भाऊ म्हणत. या भाऊने किसनला आणि आसपासच्या आणखी दोघांना परदेशात हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळवून दिलं होतं. एक मुलगा म्हसा गावाकडचा, एक शहापूरच्या बाजूचा. देशाचं नाव घेत नाही. बातम्यांत रोज ऐकता ते घ्या.

भाज्यांच्या पाट्यांमागे बसून मी तो निरोप ऐकला. पाऊण मिनिटाचा असेल. "आये, मी बरा हाय. जेवतो. काम सांगितला तसा नाय, मातीचा हाय, खणायचा. आमचा पासपोर्ट त्यांनी घेतला. तू भाऊला बोल, आमाला परत आण म्हणून. गावात कुणाला सांगू नको. लावणी झाली का?" एवढंच. पण त्याच्या मागे, बरंच लांब, कुणीतरी भोंग्यावरून बोलत होतं. बाई होती. तेच तेच पुन्हा सांगत होती.

शोध घेणं म्हणजे सिनेमातल्यासारखं कुणाचा पाठलाग करणं नव्हे. ते बहुतेक वेळा एकच गोष्ट चाळीस वेळा ऐकणं असतं. मी किसनचा आवाज खाली केला, भोंगा वर काढला आणि ती भाषा येणाऱ्या पुण्यातल्या एका प्राध्यापकांकडे पाठवला. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "ही बाई लोकांना गाव सोडायला सांगतेय. गावाचं नाव घेतेय. नकाशात बघा." मी बघितलं. ज्या शहरात हॉटेल होतं म्हणून सांगितलं, तिथून ते गाव शेकडो मैल दूर होतं, आणि लढाईची रेघ त्याच्या अंगावरून गेलेली होती. ही मुलं भांडी घासत नव्हती. ती सैनिकांसाठी खंदक खणत होती.

मग मी भाऊकडे गेले. माझ्या रेकॉर्डरसमोर त्याने हसत सांगितलं, की तिन्ही मुलं मजेत आहेत, हॉटेलात आहेत, कालच बोलणं झालं. इतकं स्वच्छ खोटं इतक्या स्वच्छ आवाजात मला क्वचित मिळालं होतं. जिना उतरताना मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंदच झाला. तीन मुलं मरणाच्या तोंडाशी होती आणि मी मनातल्या मनात भागाची सुरुवात कुठून करायची ते ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी जानकीबायच्या ओटीवर बसून तिला सगळं सांगितलं. ती बोलायला तयार झाली. भाऊने कसं वचन दिलं, कोण घरी आलं, कुठे अंगठा घेतला, सगळं सांगितलं. पण तिची एक अट होती. किसनचा आठवड्याला एकदा फोन यायचा आणि तो भाऊच्या तिकडच्या माणसाच्या फोनवरून यायचा.

"भाऊला समजला का मी बोलले, तर तो फोन बंद करतील. पोराला आनायचा त्यांच्याच हातात हाय, ताई. तो घरी येस्तोवर माझा नाव नको, गावाचा नाव नको. मंग पुढं तुमी काय पन करा."

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तुला कुणीही ओळखणार नाही. माझा शब्द आहे." मग नेहमीप्रमाणे, "आता एक मिनिट गप्प बसूया," असं म्हणून त्या ओटीचा आवाज घेतला. त्या मिनिटात ती रडली नाही. पदराची कड बोटाला गुंडाळत बसून राहिली.

शब्द पाळण्यासाठी मी केलं ते सगळं सांगते, कारण पुष्कळांनी नंतर विचारलं. यंत्राने आवाज जाडाभरडा करून देण्याची जुनी पद्धत मी वापरली नाही. तो पुन्हा मुळावर आणता येतो. तिचे शब्द कल्याणच्या एका नटीकडून बोलून घेतले. तिला तीन दिवस समोर बसवून 'नाय' कसं म्हणायचं ते शिकवलं. ती बिचारी 'न्हाय' म्हणून थेट साताऱ्यात जात होती. किसनचा निरोप ऐकवलाच नाही. तो श्वास घ्यायला थांबतो तिथला नुसता भोंगा घेतला. मुलं तीन, घरं तीन, तीन दिशांना. भाऊला संशय आला तरी तिघांत वाटला जाईल, असा हिशेब होता. ऐकणाऱ्यांना सांगितलंसुद्धा, की आवाज बदललेला आहे.

सगळं जुळवून झालं आणि आमचा जोडकाम करणारा निखिल म्हणाला, "छान बोललीय, पण कोरडं वाटतंय. स्टुडिओत बसून बोलल्यासारखं." बरोबर होतं, स्टुडिओतच बोलली होती. मी म्हटलं, "थांब. माझ्याकडे ओटी आहे." आणि त्या ओटीचा मिनिटभराचा आवाज त्या नटीच्या बोलण्याखाली अंथरायला दिला.

मी तो आधी तीनदा तपासला. कुणाची हाक नाही, नाव नाही, बसचा हॉर्न नाही. सागाच्या पानांवरचा वारा, एक कोंबडी आणि अंगणाच्या पलीकडे चरणाऱ्या गुराच्या गळ्यातली घंटा. कुठल्याही वाडीत असतं तेच, असं मला वाटलं. घंटा तर मला आवडलीच. निखिलला मी म्हटलं, "हिच्यामुळे अंगावर येतं बघ." माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

भाग गाजला. दोन दिवसांत तो व्हॉट्सॲपवरून सगळ्या तालुक्यात फिरला. वर्तमानपत्रांनी उचलला, विधानसभेत प्रश्न आला, विमानाचं चित्र असलेल्या ऑफिसचं शटर खाली आलं. अभिनंदनाचे इतके फोन आले, की पाचव्या दिवशी अनोळखी नंबर बघून मला वाटलं, आणखी एक. तो जानकीबायने स्वतःचा फोन टाळून शेजाऱ्याच्या मोबाइलवरून केलेला होता.

"ताई, ते येऊन गेले," एवढंच म्हणाली.

मी लगेच निघाले. ती ओटीवरच बसली होती, मागच्या वेळी होती त्याच जागी. दोघे जण भरदुपारी आले होते म्हणाली. शिवी नाही, धमकी नाही. पाणी मागून प्यायले.

"बोलले, मावशी, आमी तुमच्या पोरासाठी मरतोय आन तुमी बाहेर बोलत फिरता. मी बोलले, मी नाय ती. तर त्यांनी मोबाइल लावला. ती बाई बोलत व्हती, माझाच बोलना, पन आवाज दुसरा. मी बोलले, बघा, माझा आवाज हाय का? तर तो एक हसला. गोठ्याकडं बोट केलान. बोलला, मावशी, आवाज तुमचा नाय, पन गाय तुमची हाय ना?"

मला आधी कळेचना. मग तिने गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा दाखवली.

त्या दोघांना कुणी सांगितलं, तेही लपून राहिलं नाही. शेजारच्या पाड्यावरचा बुधाबाबा, जन्मभर गुरं राखलेला म्हातारा. मोठ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर लोक तो भाग मोठ्याने लावून ऐकत बसले होते. कोण असेल ही बाई, असे अंदाज चालले होते. बुधाबाबाने मान वर केली आणि म्हटलं, "ही तर आपल्या जानकीची घंटा." कपट नव्हतं त्यात. उलट सगळ्यांआधी आपण ओळखलं, याचं त्याला कौतुक वाटलं. ऐकणाऱ्यांत भाऊचा माणूस होता.

मी बुधाबाबाला शोधून काढलं. भांडायलाच गेले होते. तो बांधावर बसून दोरखंड वळत होता. जानकीच्या घरी काय झालं ते ऐकल्यावर त्याचे हात थांबले.

"मला काय ठावं, बाई?" तो म्हणाला. "तुमीच वाजवलीत ना घंटा? सगळ्या मुलखाला ऐकवलीत."

मी म्हटलं, "घंटा सगळ्या सारख्याच असतात, बाबा. कशी ओळखलीत?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "सारख्या? सारख्या असतील तर बांधायच्या कशाला? म्हशाच्या जत्रंत आमी घंटा घ्यायला जातो, तर वीस-वीस वाजवून बघतो. वाडीत दुसऱ्या कुनाची तशी नको. पावसात रानात धुका पडला का हात दिसत नाय. तवा कानानंच आपला जनावर शोधायचा. लहान पोराला इचारा, कुनाची घंटा कुठली, सांगल. तुमी येवढा यंत्र कानाला लावून फिरता, तुमाला येवढा पन ठावं नाय?"

नव्हतं ठाऊक. तीस वर्षं मी या दोन तालुक्यांत कान घेऊन हिंडले. म्हशाच्या जत्रेवर रेडिओसाठी दोन कार्यक्रम केले होते. बैलांच्या बाजारात उभी राहून माणसं एकामागून एक घंटा वाजवून बघताना मी ध्वनिमुद्रित केली होती आणि वर निवेदन केलं होतं, की 'जत्रेचा हा मंजूळ नाद.' ते काय करताहेत, हे एकालाही विचारलं नव्हतं. परदेशातल्या भोंग्याच्या चार शब्दांवरून मी लढाईतलं गाव शोधून काढलं, आणि त्याच युक्तीने एका गुराख्याने मी खाली अंथरलेल्या आवाजातून जानकीबायचं घर शोधलं. त्याला तर चाळीस वेळा ऐकावंही लागलं नाही.

त्या आठवड्यात किसनचा फोन आला नाही. पुढच्याही आला नाही.

तीन महिन्यांनी दोन मुलं परत आली. म्हशाकडचा आणि शहापूरच्या बाजूचा. वकिलातीने सोडवली, सरकारने आणली, पुढाऱ्यांनी हार घातले. आमच्या भागामुळेच हे झालं, असं सगळे म्हणाले आणि ते खोटं नाही. शहापूरकडच्या मुलाचे वडील माझ्या पाया पडायला आले, तेव्हा मी दाराआड जाऊन उभी राहिले. सरकारच्या यादीत किसनच्या नावापुढे लिहिलं होतं, 'संपर्क होत नाही.'

मी दोन्ही मुलांना वेगवेगळं भेटले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात महत्त्वाची मुलाखत होती आणि तिच्यात एकच प्रश्न होता: किसनला तुमच्यापासून वेगळं कधी काढलं? एक म्हणाला, "तुमचं ते यायच्या आधीच, मॅडम. त्याला पुढच्या बाजूला नेला. चांगला आठवडा झाला असंल." दुसरा म्हणाला, "नाय नाय, नंतर. आमचा मुकादम मोबाइलवर कुनाशी तरी बोलला, मंग किसनला एकट्यालाच बोलवला." तारखा दोघांनाही आठवत नव्हत्या. तिथे सगळे दिवस सारखेच होते म्हणाले. मी दोन्ही मुलाखती समोरासमोर ठेवून तपासल्या. भाऊच्या फोनचे तपशील मिळवायचा प्रयत्न केला, ओळखीच्या वकिलांना गाठलं, परदेशातल्या दोन पत्रकारांना लिहिलं. दुसऱ्यांचे घोटाळे उलगडताना मला जे जे येत होतं, ते सगळं माझ्या स्वतःच्या गुन्ह्यावर लावून पाहिलं. काही निष्पन्न झालं नाही. माझ्यामुळे झालं की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. लोक म्हणतात, अहो, तो आधीच गेला असेल पुढे. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. मी मुरबाडच्या त्या गृहस्थांना 'सांगता येत नाही' म्हणायची, तसंच ते आहे.

त्या भागाला बक्षीस मिळालं. निखिलला पाठवलं घ्यायला. तो तिथे चांगलं बोलला म्हणे. मी रेकॉर्डर चमूकडे परत केला आणि काम थांबवलं. वय झालं म्हणून सांगितलं, कारण ते कुणी खोदून विचारत नाही. भाग अजून इंटरनेटवर आहे; काढू का, असं मी जानकीबायला विचारलं होतं. "आता काढून काय व्हनार?" म्हणाली.

काम सोडल्यावर मी दर महिन्याला वाडीवर जाऊ लागले. परराष्ट्र खात्याला पाठवलेल्या अर्जाचं उत्तर आलं की घेऊन जायची आणि वाचून दाखवायची. 'प्रकरण संबंधितांकडे पाठवण्यात आले आहे.' पुढच्या महिन्यात तेच, दुसऱ्या सहीने. ती मला कधीच काही बोलली नाही. चहा करायची, काकड्या असल्या तर पिशवीत घालायची. घालून पाडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तेवढ्यासाठीच जात होते की काय, असं आता वाटतं.

गेल्या वर्षी भात कापायच्या दिवसांत गेले. ती लांबच्या खाचरात होती. मला पायवाटेवर बघितलं तशी हातातला विळा टाकून धावत सुटली. पन्नाशी उलटलेली बाई, बांधांवरून उड्या टाकत येत होती. माझ्यापासून दहा-बारा हातांवर येऊन थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान हलवली. आडवी.

ती तिथेच बांधावर टेकली. धाप जाऊ दिली. मग म्हणाली, "ताई, एक सांगू? राग मानू नका."

"सांग ना."

"तुमी लांबून दिसला का मला वाटतं, खबर आनली. दर टायमाला वाटतं. रस्त्यावरून इथवर तुमी येईस्तोवर तो माझा पोर घरी येतो, आन तुमी जवळ आलात का परत जातो." तिने पदराने तोंड पुसलं. "माझ्यानं आता व्हत नाय. खबर असली तर या. नायतर येऊ नका."

मी बरं म्हटलं आणि तिथूनच मागे फिरले. त्या दिवशी तिने चहा विचारला नाही, मीही थांबले नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. मी अजून गेलेले नाही.